दहावा फेदरवेट

वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्यातल्या एका तपासनिसाने रविवारी सकाळी ठरवलं, की आज प्रमाणित वजनं बरोबर न्यायची नाहीत. एवढाच काय तो निर्णय. वजनं लोखंडी, एकेक वीस किलोचं, आणि बॉक्सिंगचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. शिवाय साहेबांना आज काटा कुठला तपासायचा होता? त्यांना इतिहास घडवायचा होता.

तो इतिहास असा. आजवर जगात झालेल्या फेदरवेट बॉक्सरांमध्ये, म्हणजे सत्तावन्न किलोच्या आतल्यांमध्ये, सर्वश्रेष्ठ दहा कोण, याची यादी हा मनुष्य अकरा वर्षं करत होता. स्वतः जन्मात एकच ठोसा मारलेला, तोही ऑफिसच्या झेरॉक्स मशीनला, आणि त्यात मशीन जिंकलं होतं. पण तोरा बघावा! अमक्याचा डावा हात आळशी, तमका नाचतो फार, तिसरा नुसता नशिबाने वाचला. त्यात एक नियम असा कडक, की भल्याभल्यांचा निकाल लागला: जो एकदा जरी वजनात नापास झाला, त्याचं नाव काट. तीनदा जग जिंकलेला एक बिचारा शंभर ग्रॅमपायी गेला. "जिभेवर ताबा नाही, तो कसला योद्धा?" असं हा जेवताना म्हणायचा, ताट पुढे करून तिसऱ्यांदा वाढून घेत.

दहाव्या जागी त्याने स्वतःचं नाव घातलं होतं. (संधी मिळाली नाही, यात त्याचा काय दोष?) पात्रता एकच: वजन सत्तावन्न. दर रविवारी तो घरच्या काट्यावर चढायचा, चष्म्याचंही वजन असतं म्हणून चष्मा काढून बायकोच्या हातात द्यायचा, आणि बायको आकडा वाचून दाखवायची. अकरा वर्षं सत्तावन्न. दरम्यान विजारी आटल्या म्हणून त्याने चार शिंपी बदलले होते, आणि चारही चोर ठरवले होते.

त्या रविवारी हॉलमध्ये स्पर्धा होती. तिथल्या कोचने शब्द दिला होता, की आमचा काटा तपासून द्या, खेळाडूंची वजनं झाली की रिंगमध्ये उभं राहून माईकवर यादी वाचा. दोनशे माणसांसमोर! या एका क्षणासाठी अकरा वर्षांच्या वह्या भरल्या होत्या.

कोचने प्रमाणित वजनांची चौकशी केली. साहेबांना त्याची कीवच आली.

"मीच आहे ना वजन," ते म्हणाले. "सत्तावन्न. माझ्यावरून काटा बघून घ्या."

चष्मा काढून ते चढले. कोचने वाकून पाहिलं. "पासष्ट."

तपासनीस हसला. हे हसू तो एरवी लबाड दुकानदारांसाठी राखून ठेवायचा. आठ किलोंची तफावत म्हणजे गुन्हाच, असं म्हणत त्याने खिशातून लाखेची कांडी काढली आणि काट्याला सील ठोकलं. भिंतीपाशी फेदरवेटचे खेळाडू हातात केळी घेऊन उभे होते. वजन झाल्याशिवाय केळं खायचं नव्हतं, आणि कालपासून कोणाच्या पोटात पाणीही नव्हतं. त्यातला एक बेकरीत कामाला होता, दोन दिवस नुसत्या पावाच्या वासावर काढलेले. तो हळूच म्हणाला, की काल तर काटा बरोबर होता. वजनातलं मला शिकवू नकोस, असं त्याला ऐकावं लागलं.

मग साहेबांनी बायकोला फोन केला, की घरचा काटा घेऊन ये. घरी ठेवलेली ती लोखंडी वजनंच आणू का, असं तिने विचारून पाहिलं. पण छे, काटाच हवा होता!

तिने काटा आणला. साहेब चढले, चष्मा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "वाच."

बायकोने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "सत्तावन्न."

बेकरीवाला एव्हाना भुकेने फरशीवर बसला होता. त्यामुळे काट्याची तबकडी त्याच्या बरोबर डोळ्यांसमोर होती.

"पासष्ट," तो म्हणाला.

सगळे बायकोकडे बघायला लागले. ती अगदी शांतपणे म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी एकदाच मी अठ्ठावन्न म्हणाले होते. महिनाभर घरात तेलाचा थेंब येऊ दिला नाही यांनी. तेव्हापासून मी वाकून बघितलंच नाही."

सील तर सोमवारी ऑफिस उघडल्याशिवाय निघणार नव्हतं. त्यामुळे सगळ्यांची वजनं घरच्याच काट्यावर झाली. आकडे वहिनींनी वाचावेत, असं कोच शिष्टाचार म्हणून म्हणाला, तेव्हा बेकरीवाल्याने हात जोडले आणि स्वतः वाचायला बसला. मग केळी सोलली गेली आणि माईक आला.

एखादा शहाणा माणूस तेवढ्यात घरी गेला असता. पण माईक तो माईक. साहेब रिंगमध्ये चढले आणि बायकोने सुवाच्य अक्षरात उतरवून दिलेली यादी वाचू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. आवाज हळूहळू बारीक होत गेला. नववा वाचला आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

"दहावा?" बेकरीवाल्याने भरल्या तोंडाने विचारलं.

साहेबांनी मदतीच्या आशेने खाली पाहिलं. बायको चष्मा घेऊन तिथेच उभी होती.

"वजनात बसला नाही," ती म्हणाली.

या खेपेला कोणी वाकून तपासलं नाही.