एका बेटाची दोन वर्षं

एका जंगलात, मुलांनो, दोन वर्षं एकाच वेळी चालू होती.

तुम्ही म्हणाल, असं कसं होईल? शाळेत असं विचारू नका. इथे विचारलंत तर चालेल.

ही गोष्ट जंगलाच्या मध्ययुगातली आहे. मध्ययुगात राहणाऱ्यांना आपण मध्ययुगात राहतो हे ठाऊक नसतं. ते बिचारे स्वतःला अगदी आजचे समजत असतात.

जंगलाच्या मधून एक नदी वाहायची. अलीकडच्या काठावर आयाळराजे नावाचा सिंह राज्य करायचा. त्याच्या मूळपुरुषाने पहिली डरकाळी फोडली, तिथपासून या काठावर सालं मोजायचे. पलीकडच्या काठावर पट्टेराव नावाचा वाघ राज्य करायचा. त्याच्या मूळपुरुषाने पहिली शिकार केली, तिथपासून त्या काठाची सालं. अलीकडे वर्ष चैत्रात सुरू व्हायचं, पलीकडे कार्तिकात. वटवाघळं सालं उलटी मोजायची, पण त्यांना कोणी विचारत नव्हतं.

नदीच्या मध्ये एक बेट होतं. ते दोन्ही राजांना हवं होतं. कशाला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. पण समोरच्याला हवं आहे, एवढं कारण राजांना पुरतं.

एकदा दोघं आपापल्या काठावर पाणी प्यायला आले.

"पट्टेराव, येत्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सेना घेऊन बेटावर ये," सिंह म्हणाला. "जिंकेल त्याचं बेट."

"कबूल," वाघ म्हणाला. "पहिल्याच दिवशी येतो."

दोघंही शब्दाचे पक्के होते. इथेच तर घोटाळा झाला.

चैत्राच्या पहिल्या दिवशी सिंहाचा सेनापती भालेराव सैन्य घेऊन बेटावर उतरला. हा भालेराव म्हणजे एक जाडजूड अस्वल. लढाईचा त्याला अनुभव नव्हता. सेनापतिपद त्याला केसांमुळे मिळालं होतं.

बेटावर शत्रूचा मागमूस नव्हता. होता तो फक्त मोह. झाडाखाली फुलांचा सडा पडला होता.

"शत्रू पळाला," भालेराव म्हणाला आणि फुलं खायला बसला.

मोहाची फुलं पोटभर खाल्ली की काय होतं, ते मोठे झाल्यावर कळेल. संध्याकाळी सैन्य डुलत डुलत परत आलं. दोन लांडग्यांनी एका सशाला खांद्यावर घेतलं होतं. ससा गात होता. लांडग्यांना तो ससा आहे हे आठवत नव्हतं.

"लढाई कशी झाली?" सिंहाने विचारलं.

"महाराज, भयंकर," भालेराव म्हणाला. "आमचं डोकं अजून गरगरतंय."

काठावर विजयाची शिळा उभी राहिली. साल अकराशे, भालेरावांनी शत्रूचा समूळ नाश केला.

पुढे कार्तिक उजाडला. वाघाचे सेनापती दातार बेटावर उतरले. दातार हे रानडुक्कर. आडनावाला शोभतील असे सुळे होते, पण स्वभाव गरीब. घरून निघताना बायकोचा निरोप घेऊन ते दोनदा रडले होते.

बेटावर कोणी नव्हतं. पावसाने माती मऊ झाली होती आणि खाली कंद पोसले होते. दातारांच्या सैन्याने दिवसभर बेट उकरलं. परतताना सगळे चिखलाने माखले होते. रणांगणावरून आल्यासारखे दिसत होते.

त्याही काठावर शिळा उभी राहिली. साल बाराशे पस्तीस, दातारांनी शत्रूला धूळ चारली.

हरलेला पुन्हा येणारच, म्हणून दरवर्षी पहिल्या दिवशी सेना निघायची आणि असंच चालू राहायचं. दोन्ही सेना अजिंक्य ठरल्या. दोन्ही सेनापतींची वजनं वाढली.

मग बकाचार्य आले. हे एक विद्वान बगळे होते. एका पायावर उभं राहून विचार करायचे. ते कधी या काठावर असत, कधी त्या. त्यांनी दोन्ही शिळा वाचल्या, हिशेब केला आणि त्यांचा दुसरा पायही खाली आला.

"अकराशे आणि बाराशे पस्तीस हे एकच वर्ष आहे," ते भालेरावाला म्हणाले. "एका वर्षात एका बेटावर दोघंही जिंकले. लढाई मात्र झालीच नाही. ही इतिहासाची थट्टा आहे."

"आचार्य, थट्टेने कोणाला लागलं का?" भालेरावाने विचारलं.

"सत्याला लागलं," बकाचार्य म्हणाले आणि थेट राजांकडे गेले.

लढाई झाली नाही हे दोन्ही राजांना पटलं नाही, पण वर्ष एकच हवं हे पटलं. एक जंगल, एक वर्ष. हत्तींनी मिरवणूक काढली. माकडांनी घोषणा दिल्या. बकाचार्यांनी चैत्र आणि कार्तिक यांचा मध्य काढला, तो पौष आला. सालाचाही मध्य काढला, तर त्यात अर्धं साल उरलं. ते वटवाघळांना देऊन टाकलं.

पौषाच्या पहिल्या दिवशी दोन्ही सेना बेटावर उतरल्या. मोह फुलला नव्हता. कंद संपले होते. सगळे उपाशी होते आणि थंडीने कुडकुडत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शत्रू दिसला.

मग जे व्हायचं ते झालं. भालेरावाचा एक कान गेला. दातारांचा एक सुळा तुटला. तो गाणारा ससा परत आला नाही. संध्याकाळपर्यंत कोणीही जिंकलं नव्हतं.

दोघं सेनापती दमून एकाच खडकाला टेकून बसले.

"तुम्ही चैत्रात यायचात होय?" दातारांनी विचारलं.

"हो. मोहासाठी. आणि तुम्ही?"

"कार्तिकात. कंदांसाठी."

भालेरावाने उरलेला कान खाजवला. मग म्हणाला, "दातार, तुमचे महाराज पूर्वजांचा अपमान सहन करतात का हो?"

"मुळीच नाही."

"आमचेही नाहीत."

दुसऱ्या दिवशी भालेराव सिंहाला म्हणाला, "महाराज, नव्या पंचांगात आपल्या मूळपुरुषांची डरकाळीच नाही." त्याच वेळी दातार वाघाला म्हणाले, "महाराज, आपल्या पूर्वजांची शिकार बगळ्याने पळवली." दुपारपर्यंत दोन्ही काठांवर संतापाची लाट उसळली. संध्याकाळपर्यंत जुनी पंचांगं परत आली.

बकाचार्य मात्र खऱ्याची बाजू सोडत नाहीत. दर पौषात ते बेटावर एका पायावर उभे राहतात. त्यांच्या पंचांगाप्रमाणे लढाई अगदी वेळेवर सुरू होते. फक्त तिथे कोणी येत नाही.

तात्पर्य : एकीचं बळ फार मोठं असतं, म्हणून ते जपून वापरावं. भांडणाऱ्या दोघांचं कशावरच एकमत होत नसेल, तर शहाण्याने मध्ये पडू नये. निदान तारखेवर तरी त्यांचं एकमत होऊ देऊ नये.