फोरमन, तुमच्याकडून आवाज येतोय

"फोरमन, तुमच्याकडून आवाज येतोय. म्यूट करा," मॅनेजर म्हणाले आणि फोरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, त्या आवाजाबद्दलच तर बोलायचंय मला! ते बेअरिंग..."

पुढचं सगळं फोरमन एकटेच बोलले. मॅनेजरांनी त्यांचा आवाज तिकडूनच बंद करून टाकला होता. स्क्रीनवर स्टोअरकीपर आणि खरेदीच्या बाई त्यांचे हलणारे ओठ बघत होत्या आणि सहानुभूतीने मान डोलावत होत्या. मान डोलावून बेअरिंग येत नाही.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. फोरमनची काचेची खोली कापणीच्या मोठ्या मशीनला अगदी खेटून होती आणि त्या मशीनचं मुख्य बेअरिंग आठवडाभर किंचाळत होतं. ग्रीस ओतून ओतून फोरमनचे हात काळे झाले होते. नवं बेअरिंग मागवायला मॅनेजरांची एक सही लागत होती. फक्त एक. मॅनेजर बसायचे त्याच मजल्यावर, मोजून पंचवीस पावलांवर. आणि गेल्या वर्षी मशीन दोन दिवस बंद पडलं, तेव्हा मालकांनी लेखी बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर फोरमनकी गेली म्हणून समजा.

पूर्वी अशी सही उभ्या उभ्या मिळायची. पण मॅनेजर दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले, 'परिणामकारक ऑनलाइन बैठका'. तिथून त्यांनी एक जाडजूड फाइल आणली आणि सगळ्यांच्या मागे साडेसाती लागली. केबिनमध्ये येऊन कोणी विषय काढायचा नाही. सगळे विषय रोज साडेदहाच्या मीटिंगमध्ये, आपापल्या जागेवरून, कॅमेरा चालू ठेवून. बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा. तीस मिनिटं झाली की घंटी वाजणार आणि मीटिंग संपणार, मग कुणाच्या घराला आग लागलेली असो.

बेअरिंगचा विषय क्रमांक सात होता. विषय एक, सगळ्यांना सगळ्यांचा आवाज येतोय का. विषय दोन, कालची मीटिंग कशी झाली. विषय तीन, आज प्रत्येकाचं मन किती प्रसन्न आहे, ते दहापैकी गुण देऊन सांगा. स्टोअरकीपर रोज न चुकता "आठ" म्हणायचे, कारण एकदा चुकून "पाच" म्हणाले होते, तर त्याची कारणं सांगण्यात बारा मिनिटं गेली होती. विषय चारवर घंटी वाजायची.

"माझा विषय आधी घ्या!" फोरमनने एकदा आवाज चालू होताच घाईघाईने सांगितलं.

"विषयांचा क्रम बदलायचा असेल तर तसा विषय मांडा," मॅनेजर म्हणाले.

फोरमनने मांडला. तो क्रमांक आठ झाला.

फोरमन चडफडत उठले, पंचवीस पावलं चालले आणि केबिनमध्ये शिरले. "साहेब, कागद आणलाय. सही करा, बास!"

मॅनेजरांनी कानावरचा हेडफोन काढला. "फोरमन, तुमच्यासारखी अनुभवी माणसं अशी मध्येच घुसायला लागली, तर शिस्त कशी लागणार?"

"बेअरिंग जळेल हो!"

"मग मीटिंगमध्ये सांगा ना."

"सांगायला लागलं की तोंड बंद करता माझं!"

"कारण तुमच्याकडून फार आवाज येतो," मॅनेजर समजुतीने म्हणाले. समोरच्या भिंतीवर डोकं आपटावं की मॅनेजरांचं आपटावं, हे फोरमनला काही क्षण कळेना.

संध्याकाळी घरी जेवतानाही त्यांचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, भाजी वाढू का विचारतेय, तर नुसता हात काय वर करताय? तोंडाने बोला की!"

"मला बोलू देतं कोण!" फोरमन ओरडले.

"इथे कोणी अडवलंय? आणि माझ्यावर कशाला डाफरताय? ज्याच्यावर डाफरायचं, त्याच्यावर डाफरा."

दुसऱ्या दिवशी फोरमन फोन घेऊन आवारात गेले आणि तिथून मीटिंगला बसले. मॅनेजर म्हणाले, "जागेवर जा. आपापल्या जागेवरूनच बोलायचं." त्याच्या पुढच्या दिवशी त्यांनी एका पुठ्ठ्यावर 'बेअरिंग जातंय!' असं ठळक लिहून तो कॅमेऱ्यासमोर धरला. मॅनेजर म्हणाले, "पाटी खाली घ्या, चेहरा दिसला पाहिजे." फोरमनने पाटी खाली घेतली आणि तो चेहरा दाखवला. मॅनेजर घाईने पुढच्या विषयाकडे वळले.

किंचाळायला लागल्यापासून अकराव्या दिवशी, दहा चाळीसला, बेअरिंगने एक शेवटची किंकाळी फोडली. धाडकन काहीतरी आपटलं आणि मशीन थांबलं. कामगार आपापल्या जागी उभे राहिले. फोरमन खुर्चीत तसेच बसून राहिले. गेली फोरमनकी.

स्क्रीनवर मॅनेजरांनी प्रसन्नतेचे गुण विचारायला फोरमनचा आवाज चालू केला आणि मान वर केली. "अरे वा! फोरमन, आज तुमच्याकडून अजिबात आवाज नाही!" त्यांनी स्वतःहून तो चालूच ठेवला. "कसं जमवलंत?"

"काही केलं नाही, साहेब," फोरमन म्हणाले. "काहीच केलं नाही."

"बघा, याला म्हणतात शिस्त! आज या आनंदात आपण थेट विषय सातवर जाऊ. फोरमन, काय होता विषय?"

"आवाजाचा होता."

"म्हणजे संपलाच! विषय सात, निकाली."

मीटिंग संपताच पाच मिनिटांत मालकांना अहवाल गेला. कापणी विभागातला आवाज पूर्ण बंद, फोरमनचं अभिनंदन, खाली मॅनेजरांची सही. अकरा दिवसांत सही झाली ती या कागदावर.

सव्वाअकराला मॅनेजर पाणी प्यायला बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. मग धावतच कापणी विभागात आले.

"मशीन का बंद आहे?"

"बेअरिंग गेलं."

"कधी?"

"तुम्ही अभिनंदन केलंत ना, त्याच्या जरा आधी."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगायचं?" फोरमनचा अकरा दिवसांचा राग एकदम उसळला. "हात वर केला, पाटी धरली, केबिनमध्ये आलो! आता काय मशीनवर चढून नाचू?"

तेवढ्यात मॅनेजरांच्या हातातला फोन वाजला. मालक होते. घाबरून मॅनेजरांचं बोट भलतीकडेच पडलं आणि मालकांचा आवाज सगळ्या विभागात घुमला. "अहवाल वाचला, फार छान! आपल्या दुसऱ्या कारखान्यातलं मशीनसुद्धा असंच कोकलतंय. जरा फोरमनना विचारा, आवाज बंद कसा केला?"

मॅनेजरांनी फोनवर तळवा दाबला आणि कुजबुजत विचारलं, "काय सांगू?"

"सांगा, सोपं आहे!" फोरमन म्हणाले. "तिथेही रोज साडेदहाला ही मीटिंग सुरू करा. अकराव्या दिवशी मशीन आपोआप गप्प होतं!"

एकोणीस वर्षं मशीनशेजारी काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मॅनेजर अंगठ्याने काहीतरी बंद करायला बघत होते, पण काय ते त्यांना सापडत नव्हतं.

"फोन फोरमनकडे द्या," मालक म्हणाले.

मॅनेजरांनी फोन दिला.

"बोला फोरमन. पहिल्यापासून सांगा."

फोरमनने खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तीस मिनिटं झाली, तरी ते थांबले नाहीत.