साबाजीच्या समाधीवरचे स्वयंपाकघर

इतिहास घडतो तेव्हा तो फार कच्चा असतो. माणसे उगाच मरतात, लढाया चिखलामुळे थांबतात आणि मोठमोठे वीर ऐन मोक्याला काहीच बोलत नाहीत. असला इतिहास लोकांपुढे ठेवणे म्हणजे देवगडचा हापूस झाडावरून उतरवून तसाच पाहुण्याच्या हातात देणे. त्याला अढीत घालावे लागते, वर पेंढा पसरावा लागतो आणि रंग चढेपर्यंत दार लावून बसावे लागते. हे काम ऐतिहासिक कादंबरीकार करतो. (पेंढाही तोच पुरवतो.)

मालवण किनाऱ्यावरच्या खडपवाडीचे नशीब थोर, म्हणून तिला असा माणूस घरचाच लाभला. शंकरभाऊ हडकर. भाऊंची सगळी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. न आलेल्या गाडीबद्दल भारदस्त आवाजात खात्रीलायक माहिती देणे, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते ऐतिहासिक कादंबरीकडे वळले तेव्हा गावाला मुळीच नवल वाटले नाही. खाते बदलले, काम तेच राहिले.

भाऊंची पद्धत शास्त्रशुद्ध होती. त्यांच्या कादंबरीत सरासरी दर चौथ्या पानावर वीज कडाडते, दर सहाव्या पानावर कोणाच्या तरी मिशीला पीळ पडतो आणि शत्रू मरण्यापूर्वी निदान अर्धे पान नायकाची स्तुती करतो. घोडे सगळे पांढरेशुभ्र. (आमच्या सड्यावरच्या तांबड्या धुळीत पांढरा घोडा वेशीपर्यंत पोचेस्तोवर विटकरी होतो, असे एका वाचकाने कळवले होते. त्याला उत्तर गेले नाही.) 'खडपावरचा वाघ' आणि 'गलबतातली गर्जना' या पहिल्या दोन पुस्तकांनी भाऊंचे नाव फोंडाघाटापर्यंत गेले. घाट चढायला तिसरे पुस्तक लागले.

भूतकाळावर त्यांचे प्रेम इतके की वर्तमानात ते केवळ जेवणापुरते येत. तेही सहज नाही. पाटावर बसून ते मुदपाकखान्याच्या दिशेने फर्मावीत, "थाळा पेश करा!"

"थाळो खंयचो? ताट आसा," त्यांची बायको सीता आतून म्हणे. "जेवचा तर जेवा, नायतर झाकून ठेवतंय."

भाऊ जेवत. सीतावहिनींच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्यापुढे कोणतेही साम्राज्य टिकत नसे.

आता दगडाविषयी. भाऊंच्या मागच्या अंगणात विहीर आहे आणि विहिरीला लागून एक काळा, चौकोनी दगड. त्यावर कोरलेली अक्षरे अशी: 'सा. बां. १७'. सामान्य माणसाला यात 'सार्वजनिक बांधकाम, दगड क्रमांक सतरा' एवढेच दिसेल. ते खरेही आहे. जुना रस्ता रुंद झाला तेव्हा कडेला उपटून टाकलेला हा दगड भाऊंच्या वडिलांनी बैलगाडीत घालून घरी आणला, कपडे धुवायला. भाऊंना हे लहानपणापासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे ही संशोधनातली पहिलीच पायरी. एका दुपारी दगडाकडे बघता बघता भाऊंना 'सा.' म्हणजे साबाजी दिसला, 'बां.' म्हणजे बांदिवडेकर दिसला आणि सतरापुढचे दोन आकडे काळाच्या ओघात झिजलेले दिसले. अंगावर काटा आला. (त्याच दगडावर तेव्हा वहिनींचे लुगडे वाळत होते. ते भाऊंनी आदराने बाजूला केले.)

त्यातून 'गर्जतो साबाजी' जन्माला आली. दर्यावर्दी सरदार साबाजी बांदिवडेकर एकटा फिरंग्यांची तीन गलबते बुडवतो आणि शेवटी बस्त्यांव नावाच्या कपटी तोफखानवाल्याकडून पाठीत वार खाऊन विहिरीकाठी देह ठेवतो. बस्त्यांव हा शेजारच्या सेबॅस्टियनवर बेतलेला होता. सेबॅस्टियनच्या फणसाची फांदी भाऊंच्या कुंपणावर आली होती आणि तो ती तोडत नव्हता. विहीर मात्र भाऊंनी हुबेहूब आपलीच घातली, कारण वास्तवाचा आधार हवा. मरता मरता साबाजी म्हणतो, "या विहिरीभोवती शंभर हात जागा मोकळी राखा. तेथे कोणी चूल पेटवू नये!" प्रकरण पाऊण पानाने कमी पडत होते, म्हणून ही अंतिम इच्छा. प्रस्तावनेत भाऊंनी लिहिले: 'यातील शब्दन्‌शब्दाला कागदाचा आधार आहे.' हे अक्षरशः खरे होते. पुस्तक कागदावरच छापले होते.

पुस्तकाने गाव जागा केला. इतकी वर्षे खडपवाडीला मासळी होती, काजू होते, पण पूर्वज नव्हता. तो एकदम मिळाल्यावर माणसे जरा ताठ चालू लागली. सिद्धेश गावकर या तडफदार तरुणाने स्मारक समिती काढली. समितीत लगेच दोन गट पडले, एक साबाजीची जयंती तारखेने मानणारा आणि दुसरा तिथीने. दोन्ही गट जयंती करू लागले. न जन्मलेला माणूस वर्षातून दोनदा जन्मू लागला आणि दोन्हीकडे शाल-श्रीफळ भाऊंनाच मिळू लागले. सेबॅस्टियन रागावेल असे वाटले होते, पण छे! त्याच्या घराण्यातले कोणी आजवर पुस्तकात आले नव्हते. त्याने आपल्या पर्यटक निवासावर फलक लावला: 'साबाजीस मारणाऱ्याचे मूळ घर. मासे थाळी मिळेल.'

येथवर सारे मंगल चालले होते. मग एका सकाळी सिद्धेश, समिती आणि एक लांब टेप भाऊंच्या अंगणात आले. विहिरीपासून शंभर हात मोजले. टेप मागची पडवी ओलांडून, माजघर ओलांडून सीतावहिनींच्या चुलीपाशी येऊन थांबली.

"भाऊ," सिद्धेश शुद्ध मराठीत म्हणाला (गावात शुद्ध मराठी बोलले की समजावे, काहीतरी जाणार), "आपले घर हे ऐतिहासिक जागेवरील अतिक्रमण आहे."

"अरे, घर वडलांनी बांधलेला!"

"साबाजी आधीचे. तुम्हीच लिहिलंय."

मुद्दा बिनतोड होता. जागेच्या सातबाऱ्यावर भाऊंबरोबर एकूणएक भाऊबंदांची नावे होती. ते सगळे मुंबईला. इतकी वर्षे सामायिक विहिरीच्या पंपाला सही न देणाऱ्या त्या भाऊबंदांनी साबाजीसाठी एका संध्याकाळीत संमती कळवली. काहींनी सोबत तलवारीचे चित्रही पाठवले. आता फक्त ग्रामसभेचा ठराव बाकी होता.

त्या रात्री सीतावहिनींनी ताट वाढले आणि स्वतः जेवायला बसल्या नाहीत.

"तो फातर मामंजींनी धुवक हाडलेलो. तुमका ठावक आसा, माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "जावा आनी खरा काय ता सांगान येवा. माझी चूल मी हयसून हलवूची नाय."

भाऊंनी वर पाहिले. चुलीमागची भिंत धुराने काळीभोर झाली होती. याच चुलीत त्यांची आई पावसाळाभर फणसाच्या आठळा भाजायची. याच चुलीवर लग्नानंतरचा पहिला भात सीतावहिनींनी करपवला होता, आणि वडिलांनी तो 'बरो झालो' म्हणत मुकाट्याने संपवला होता. भाऊंच्या सगळ्या ग्रंथसंपदेत या चुलीबद्दल एक ओळ नव्हती. तिच्यासमोर कोणी तलवार उपसली नव्हती ना! त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा भूतकाळाचे खरोखर वाईट वाटले.

ग्रामसभा देवळात भरली. भाऊ उभे राहिले. आवाज स्थानकावरचा लागला.

"मंडळी, साबाजी बांदिवडेकर नावाचा माणूस झालाच नाही. तो मी रचला."

सिद्धेश सावकाश उठला.

"भाऊ, त्या काळी तुम्ही होतात?"

"मी कसा असेन?"

"मग तो नव्हता, हे कशावरून?"

लोकांनी माना डोलावल्या. भाऊंनी दगडाचे सांगितले, वडिलांचे सांगितले, बैलगाडीचे सांगितले. गर्दीतून संताप उसळला. म्हणजे ह्यांच्या बापाने साबाजीची समाधी चोरली आणि वर तिच्यावर लुगडी आपटली? शिरा पडली त्या धुण्यावर! (ही आमच्याकडची शिवी आहे, गोडाचा पदार्थ नव्हे.) एकाने भाऊंचीच प्रस्तावना वाचून दाखवली. दुसऱ्याने निदर्शनास आणले की, शंकर हडकर हे बसस्थानकावरचे निवृत्त कर्मचारी असून इतिहास हा त्यांचा विषयच नव्हे. त्यांच्या तोंडी बोलण्यापेक्षा त्यांचा छापील ग्रंथ अधिक विश्वसनीय धरावा. तो धरण्यात आला.

भाऊंनी शेवटची आशा म्हणून सेबॅस्टियनकडे पाहिले. शेजारी माणूस, फांदीचे भांडण असले म्हणून काय झाले? सेबॅस्टियन उठला. फार दुखावलेला दिसत होता.

"शंकरभाय, तो नव्हतोच, तर माझ्या पणज्यान मारल्यान कोणाक?"

तरीही भाऊ खाली बसले नाहीत. "माझी लेखी हरकत नोंदवा," ते म्हणाले. "एका माणसाची जरी हरकत असली तरी घराला हात लावता येणार नाही!" हे नियमाने खरे होते. सिद्धेशचा चेहरा पडला. सभा अडली.

आमच्याकडे सभा अडली की देवाला गाऱ्हाणे घालतात. एका जाणत्याने देवापुढे उभे राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागायचे आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. वाक्य ऐकलेच पाहिजे असा दंडक नाही. आईच्या कडेवर असल्यापासून ते तोंडात बसलेले असते. शिंक आली की माणूस जसा डोळे मिटतो तसे ते येते. वयोवृद्ध बाबलीकाका पुढे झाले. सगळे उठले, हात जोडले, टोप्या काढल्या. भाऊंनीही जोडले. देवापुढे कोण बसून राहील?

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंचा काय चुकला-माकला आसात, तर पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या शंकराची बुद्धी फिरली आसा, ती थाऱ्यार येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी साबाजीच्या जाग्यावरचा घर पडान जागो मोकळो होवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

यात सर्वांत खणखणीत आवाज भाऊंचा होता. इतक्या वर्षांचा माइकचा सराव. आपण काय म्हणालो हे त्यांना कळले तेव्हा देवळात टाळ्या वाजत होत्या आणि ग्रामसेवक लिहून घेत होते: 'हरकतदारांनी देवासमक्ष संमती दिल्याने ठराव सर्वानुमते मंजूर.'

घराचा मागचा अर्धा भाग उतरवायला फार वेळ लागला नाही. पुढची पडवी समितीने मोठ्या मनाने ठेवली, तिकीट खिडकीसाठी. भाऊंना स्मारकाचे अधिकृत निवेदक नेमले आहे. ते दिवसभर साबाजी कसा पडला हे भारदस्त आवाजात सांगतात आणि मधेच चूल जिथे होती तिथे नजर गेली की वाक्य विसरतात. लोकांना वाटते, गहिवर आला. भाऊ-वहिनी आता वाडीच्या टोकाला, काजूच्या मांगरात राहतात. त्या झोपडीत पत्र्याची शेगडी आहे. आठळा तिच्यात नीट भाजत नाहीत.

तर तुम्ही हसलात. बरे केलेत, खडपवाडीची माणसे आहेतच तशी भोळी. पण गेल्या मे महिन्यात गोव्याहून परतताना तुम्हीही तिथे उतरला होतात. दगडापाशी चपला काढल्यात. पोराला म्हणालात, "बघ, इथे! इथेच पडला तो," आणि तुमचे डोळे भरून आले. खोटे कशाला बोला, तुम्हाला त्या दिवशी फार बरे वाटले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका बाईला तुम्ही कौतुकाने विचारलेत, "मावशी, किती भाग्यवान हो तुम्ही! इथेच राहता?"

"रवत होतंय," ती म्हणाली.

ते तुम्हाला नीट ऐकू आले नाही. ती अगदी मधे उभी होती आणि फोटोत 'सा. बां.' येत नव्हते, म्हणून तुम्ही तिला जरा बाजूला सरकायला सांगितलेत. ती सरकली.