सगुणा बाळंत झाली, माहेरी!

आमच्या हरिश्चंद्राच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. एकाला सांगायची गोष्ट तो गावाला सांगून येतो आणि वर दात काढतो. अशा पोरानं मुंबईहून वायरलेस आणला! आमच्या तिन्ही लाँचींवर एकेक सेट बसवला, एक माजघरात ठेवला आणि नाचत माझ्याकडे आला.

"आये, ग्रुप कॉल लावलाय! प्रत्येक सेटला नंबर हाय. नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांजागी शून्यं दाबली की त्या ओळीतल्या सगळ्या सेटांवर एकदम घंटी. एकानं बोलायचं, सगळ्यांनी ऐकायचं!"

माझी शाळा दुसरीत सुटली, पण धंदा मला कळतो. शिमग्यापासून आमची जाळी रिकामी येत होती. खलाशी गावातल्याच रघूच्या लाँचींकडे बघायला लागले होते; अजून एक खेप कोरी आली असती तर गेलेच असते. अशात मासळी कुठं गावली ते कोणी मोठ्यानं बोलतं का? म्हणून खूण मी ठरवली. सून सगुणाचे दिवस भरत आले होते आणि तिचं माहेर मालगुंडचं. मालगुंडासमोर सुरमई गावली की म्हणायचं, "सगुणा बाळंत झाली, माहेरी." लाँची चालवणाऱ्या तिन्ही तांडेलांकडून घोकून घेतलं. त्यातला बाबल्या तर सगुणाचा सख्खा भाऊ.

सोमवारी सकाळी घंटी वाजली. भागोजी तांडेल ओरडत होता, "सगुणा बाळंत झाली! माहेरी!"

हरिश्चंद्रानं उडीच मारली. मी देवापुढं गूळ ठेवायला उठते तोच सेटमधून भलताच आवाज आला.

"अभिनंदन रे हरी! मुलगा की मुलगी?"

"मेल्या, आपल्या घंटीत रघू कसा?" मी हरिश्चंद्राला विचारलं.

"त्याचे सेट मीच लावून दिले ना, आये. नंबर आपल्याच ओळीतले दिले. एवढ्या प्रेमानं विचारलंन, नाय कसं म्हणू?"

"मग आता बाळंत झाली म्हणूनच सांग!"

त्यानं घाबरून बटण दाबलं. "दोन्ही!"

"जुळी?" हा बाबल्या. "मी लाँच फिरवतोय! मामा आलाच म्हणून सांगा!"

मागोमाग धोंडू तांडेल, "मी पण येतो रे!"

"अरे, त्यांना सांग ती मासळी हाय!"

"कसं सांगू? रघू ऐकतोय!"

एवढ्यात रघूची बायको आनंदीबाई अळिवाचा डबा घेऊन दारात. सेट तिच्याही घरी, आणि सगुणाला तिनं कालच आमच्या दारात बघितलेलं. मी तिला अडवीपर्यंत ती मागल्या पडवीत पोचली. तिथं सगुणा पोट सांभाळत मुशी कापत बसलेली.

"काय गो, जुळी झाली ना?"

"कुणाला?" सगुणानं विचारलं.

आनंदीबाई नुसती हसली. डबा तिथंच ठेवलान आणि घरच्या सेटकडे पळाली. बाळंतपण खोटं म्हणजे ती खूण; आणि सगुणाचं माहेर कुठलं, हे रघूला कोणी सांगायला नको होतं.

दुपारी बाबल्या आणि धोंडू रिकाम्या लाँची घेऊन धक्क्याला लागले. भागोजीची तेवढी भरून आली, म्हणून खलाशी टिकले. रघूच्या मात्र दोन्ही लाँची काठोकाठ. घरी जाताना त्यानं आमच्या दारात दोन सुरमया ठेवल्या.

"काकी, एकेका बाळाला एकेक."

"काही म्हण आये," हरिश्चंद्र म्हणाला, "घंटी काय खणखणीत वाजली!"

"वाजली. यंत्र अगदी तुझ्यावर गेलंय, पोटात काही म्हणता काही राहत नाय. आता सगुणा खरंच बाळंत झाली की त्या बटणाला हात लावलास तर बघ. बाबल्या जाळी घेऊन मालगुंडाला जाईल!"