सिस्टरांचा पक्ष

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गटाराचं झाकण सोमवारी फुटलं आणि मंगळवारी सकाळी सिस्टरांच्या यजमानांचा उजवा पाय थेट गुडघ्यापर्यंत आत गेला. घोटा मोडला. सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या बाईंना गल्ली अजून सिस्टरच म्हणायची. नवऱ्याच्या पायाला प्लास्टर घालून झाल्यावर त्या तडक नगरपालिकेत गेल्या. झाकण मंजूर आहे, यायचं आहे, असं तिथल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं.

झाकण येईपर्यंत आणखी कुणाचा पाय जायला नको, म्हणून सिस्टरांनी घरी येऊन झाडूच्या दांड्याला जुन्या पडद्याचा लाल तुकडा बांधला आणि तो खड्ड्यात उभा केला.

दुपारी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दबक्या आवाजात विचारलं, "सिस्टर, तुम्ही लाल पक्षात कधी गेलात?"

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उशीर झाला होता. संध्याकाळी लाल पक्षाची माणसं येऊन त्यांचं अभिनंदन करून गेली आणि जाताना दांड्याला सभेचा कागद चिकटवून गेली. दुसऱ्या दिवशी पिवळ्या पक्षाचा पुढारी चार माणसं घेऊन दारात आला. देशाचं वाटोळं करणाऱ्यांना तुम्ही थारा देता, असं त्याने बरंच लांबण लावून सांगितलं. सिस्टरांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष त्या कागदाकडे होतं. कागदाने फडकं झाकलं होतं, मग खड्डा कुणाला दिसणार? त्यांनी कागद फडक्यासकट काढून टाकला आणि हाताला लागला तो उशीचा अभ्रा बांधला. तो नेमका पिवळा निघाला.

आता लाल पक्षवाले त्यांना गद्दार म्हणू लागले. घरात पाय उशीवर ठेवून पडलेले यजमान म्हणाले, "अगं, सोड ना तो नाद. मी पडलो तेवढं पुरे झालं."

"तुम्ही पडलात म्हणूनच सोडणार नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा नगरपालिकेत जाऊन लेखी अर्ज देऊन आल्या.

शेवटी मागच्या गल्लीतले निवृत्त कॅप्टन मध्ये पडले. माणूस सज्जन होता. भांडण मिटावं म्हणून त्यांनी घडी घातलेला राष्ट्रध्वज आणला आणि हा लावा, म्हणजे कुणाची बोलायची छाती होणार नाही, असं सुचवलं.

"गटारात?" सिस्टरांनी विचारलं. "कॅप्टनसाहेब, मी जिवंत असेपर्यंत नाही."

कॅप्टन विचार करत परत गेले. पण दोन्ही पक्षांच्या कानावर एवढंच गेलं, की सिस्टरांनी राष्ट्रध्वज लावायला नकार दिला. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं आणि शुक्रवारी सकाळी लाल-पिवळ्यांचा एकत्र मोर्चा गल्लीत शिरला. पुढची माणसं घोषणांच्या नादात खड्ड्याच्या दिशेनेच येत होती. सिस्टरांनी घरातली खुर्ची उचलली, खड्ड्याला लागून ठेवली आणि तीवर बसल्या. मोर्चा थांबला.

पिवळा पुढारी म्हणाला, "बाई, तुमचं देशावर प्रेम आहे की नाही, ते एकदा सांगून टाका."

सिस्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू पायाळू होतास. तुझ्या आईने रात्रभर कळा काढल्या. तू रडेनास, म्हणून मी तुला उलटा धरून दोन चापट्या मारल्या होत्या." मागून कुणीतरी हसलं, तशा त्या लाल पुढाऱ्याकडे वळल्या. "तू त्याच्यानंतर तीन दिवसांनी. बत्तीस वर्षं हा देश माझ्या हातांत ओलाचिंब येत होता. त्यातला एकही या खड्ड्यात पडलेला मला चालणार नाही. झाकण येईपर्यंत मी उठत नाही. तुम्ही खुशाल घोषणा द्या."

मोर्चा ना पुढे सरकला, ना मागे फिरला. गल्ली अडली होती, रस्त्यावर गाड्या तुंबल्या होत्या. शेवटी बंदोबस्ताचा पोलीस आला. अहवालात पक्षाचा रकाना भरायचा होता. त्याने विचारलं, तेव्हा सिस्टर एवढंच म्हणाल्या, "झाकण." पोलिसाने तेच लिहिलं. अहवाल पोचताच, नवीन पक्ष निघाला या धास्तीने नगरपालिकेने दोन तासांत कोरं करकरीत लोखंडी झाकण पाठवलं आणि बसवलं. सिस्टरांनी त्यावर दोनदा उभं राहून पाहिलं, मग खुर्ची घेऊन घरी गेल्या.

रविवारी दाराची कडी वाजली. बाहेर पिवळा पुढारी एकटाच उभा होता. त्याच्या घरासमोरचं झाकण सहा महिन्यांपासून नव्हतं. पक्षाला चार पत्रं लिहून झाली होती, आणि काल त्याची आई त्यात पडता पडता वाचली होती.

तो घुटमळला. मग हळूच म्हणाला, "सिस्टर, तुमच्या पक्षात यायचं तर काय करावं लागतं?"

सिस्टरांनी चपला पायांत सरकवल्या. "चल," त्या म्हणाल्या, "आधी खड्डा दाखव."