पहिल्या अंकाचं प्रकाशन

'दैनिक पहाटपाखरू'ला पन्नास वर्षं पूर्ण होत आली होती आणि जुना म्हणावा असा एकही अंक कचेरीत शिल्लक नव्हता. तशा फाइली होत्या. पण त्या संस्थापक पुंजाराम यांच्या घरी माळ्यावर होत्या, आणि त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई दर उन्हाळ्यात कुरडया, मूगवड्या वाळत घालायला त्यातला थोडा थोडा इतिहास गच्चीवर नेत असत. अकोल्याला ऊन काही कमी पडत नाही, त्यामुळे इतिहास लवकरच संपला. हा मजकूर लिहिणाराही पहाटपाखरूतच नोकरीला आहे, तेव्हा वाचकांनी तपशिलावर फार विसंबू नये.

संपादकाच्या खुर्चीत आता पुंजारामांचे चिरंजीव किशोर बसत. डोकं पांढरं झालं तरी वडिलांच्या लेखी ते शिकाऊच होते. रोज सकाळी पुंजाराम लाल पेन घेऊन अंक वाचत, चुकांभोवती गोल काढत आणि तो अंक मुलाच्या चहाशेजारी आणून ठेवत.

"आमच्या पहिल्या अंकात एक चूक नोती," ते म्हणत. "तो अंक पाहाशीन तर समजन तुले, पेपर काय असते ते."

किशोरनी तो कधीच पाहिला नव्हता. त्यांनी मनाशी ठरवलं, काहीही करून पहिला अंक मिळवायचा आणि सुवर्णमहोत्सवाला काचेच्या चौकटीत घालून बाबांच्या हाती द्यायचा. त्यात बिनचूक मजकूर निघाला तर बाबा खूश होतील, एखादी चूक निघाली तर रोजचा जाच थांबेल. नुकसान कुठूनच नव्हतं.

पहिल्या पानावर आवाहन छापलं गेलं : ज्यांनी आमचे जुने अंक जपून ठेवले असतील, त्यांनी कचेरीत आणून द्यावेत. दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर ही गर्दी. किशोरना भरून आलं.

"पाह्य पौर्णिमा," ते उपसंपादिकेला म्हणाले, "लोकायचं किती प्रेम आहे आपल्यावर."

प्रेमाची पहिली घडी हिवरखेडच्या डोमाजींनी उलगडली. पोळ्याला त्यांच्या बैलजोडीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. फोटो छापून आला, पण डोमाजींच्या फोटोखाली 'डावा बैल : सर्जा' असं होतं आणि सर्जाच्या फोटोखाली 'प्रगतिशील शेतकरी डोमाजी'.

"अजून गावात मले सर्जाच म्हनते," डोमाजी म्हणाले. "बैल मरून गेला, नाव माह्याच मागं राह्यलं. आता तुमचा उत्सव आहे, तर दुरुस्ती छापा."

त्यांच्यामागे माणिकबाई उभ्या होत्या. मॅट्रिकला त्या शाळेत पहिल्या आल्या होत्या. त्यांचा फोटो 'हरवले आहेत' या सदरात आला होता.

"अकोटच्या इष्टीत कंडक्टरनं वयखलं मले," त्या म्हणाल्या. "उतरवलं अन् पोलिसायच्या हवाली केलं. मी पेढे घेऊन मामाकडं चालली होती."

दुपारपर्यंत टेबल भरलं आणि पौर्णिमेच्या लक्षात खरा प्रकार आला.

"सर, ज्यायचं बरोबर छापलं त्यायनं अंक रद्दीत घातला. ज्यायचं चुकलं त्यायनंच सांभाळून ठेवला."

'उज्ज्वल परंपरा' नावाची पुरवणी योजली होती, तिचं नाव बदलून 'दिलगिरी' करावं लागतं की काय, अशी वेळ आली. त्यातच अचलपूरहून गुलनार आली. तिनं पिशवीतून रेशमी रुमालात गुंडाळलेला कागद काढला. वर्ष पहिलं, अंक पहिला. किशोरनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"हा तर सोनं आहे, बाई."

"सोनं तुमच्यासाठी," गुलनार म्हणाली. "आमच्या घरात भांडन आहे हे. वाचा."

पहिल्याच पानावर प्रकाशन समारंभाची बातमी होती. 'प्रमुख पाहुणे मा. कलेक्टरसाहेब यांच्या शुभहस्ते, टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात...'

"कलेक्टर आलेच नोते," गुलनार म्हणाली. "माझे अब्बा गयासुद्दीन. मंडप त्यायचाच होता. ऐनवेळी तुमच्या वडलायनं त्यायलेच स्टेजवर चढवलं. फीत अब्बानं सोडली. पन घरी सांगितलं तर अम्मी म्हने, पेपरात तर कलेक्टर लिहिलं आहे. पन्नास वर्षं झाली, ती अजून हसते. म्हनते, छापून आनून दाखवा, तवा मानीन."

हे झालं होतं पहाटपाखरूच्या रिवाजामुळे. प्रकाशनाला हातात अंक हवा, आणि अंकात प्रकाशनाची बातमी हवी. तेव्हा ती आदल्या दिवशीच लिहून छापून टाकायची, टाळ्यांसकट. सुवर्णमहोत्सवाचीही पौर्णिमेनं लिहून ठेवलीच होती. तिच्यात आमदारसाहेबांचं भाषण इतकं रंगलं होतं की तिला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

अंक पुंजारामांपुढे ठेवला गेला. त्यांनी चष्मा पुसला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"चूक दाखव," ते म्हणाले. "एक अक्षर चुकलं आहे का?"

"अक्षर नाही चुकलं, बाबा. मानूसच चुकला."

पुंजारामांनी चष्मा काढून अंकावर ठेवला. गयासुद्दीन त्यांच्या शाळेतला दोस्त होता. ते हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती छापली असती, तर लोकं काय म्हनले असते? पेपर उघडला नाही तर माफी मागून राह्यले. उद्या छापू, उद्या छापू म्हनता म्हनता राहून गेलं. मग त्याले तोंड दाखवाची लाज वाटे."

किशोरना आयुष्यात पहिल्यांदा वडिलांची कीव आली आणि जिंकल्याचा आनंद काही होईना. त्यांनी पौर्णिमेला बोलावून आमदारांचं नाव काढायला लावलं. पुरवणीचं प्रकाशन आता गयासुद्दीन करतील.

"अब्बा नाही येनार," गुलनार म्हणाली. "घुटने गेले त्यायचे. गेल्या ईदपासून उंबरठा नाही ओलांडला. त्यायच्या वतीनं मी येतो."

तसंच ठरलं. आमदारांचा भरवसा नव्हता, गुलनारचा होता. शिवाय पहिल्या अंकाची हकिकतही दिलगिरीसह पुरवणीत द्यायची होती. पण डोमाजी आणि माणिकबाईंच्या दुरुस्त्यांनीच आतली पानं अडली, तेव्हा पौर्णिमेनं ती हकिकत दुसऱ्या दिवसाच्या अंकासाठी ठेवली. पहिल्या पानावर प्रकाशनाची बातमी लागली : 'अचलपूरच्या श्रीमती गुलनार यांच्या शुभहस्ते, टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात...' किशोरनी ती स्वतः तपासली. एक चूक नव्हती.

समारंभाच्या सकाळी सभागृह भरलं होतं. डोमाजी पहिल्या रांगेत होते. तेवढ्यात दाराशी ऑटो थांबला आणि गुलनारच्या खांद्यावर हात टेकून, इस्त्रीची शेरवानी घातलेले गयासुद्दीन उतरले.

"ऐकलंच नाही त्यायनं," गुलनार म्हणाली. "रातभर घुटन्याले तेल लावून राह्यले होते."

पुंजाराम स्टेजवरून खाली उतरले. दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. गयासुद्दीनांना हाताला धरून वर नेलं, त्यांनीच फीत सोडली, आणि टाळ्या खरोखरच बातमीत लिहिल्यासारख्या पडल्या. सगळ्या सभागृहात फक्त किशोर आणि पौर्णिमा टाळ्या वाजवत नव्हते.

गयासुद्दीनांनी अंक डोळ्यांजवळ धरला. पहिलं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"ह्यात तर गुलनारचं नाव आहे."

"चाचा," किशोर पुटपुटले, "ते काल छापलं."

"अजूनबी कालच छापता?"

"उद्या दुरुस्ती छापतो, गयास," पुंजाराम म्हणाले. "पहिल्या पानावर. आईची आन."

"तुहा उद्या मले मालूम आहे, पुंजा." गयासुद्दीनांनी अंकाची घडी घातली आणि शेरवानीच्या खिशात ठेवली. रागाचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता, काळजी मात्र दिसत होती. "पन तिकडं बेगम दारात उभी असन. तिले आता काय दाखवू?"