व्याह्यांची दौड

२०२३ साली मुलीचं, उर्वीचं, लग्न झालं आणि इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या डॉक्टर गिरीश यांचं समाधान संपलं. लग्नात काही कमी पडलं नव्हतं. उलट एक गोष्ट जास्त झाली. मुलाचे वडील ग्विन, वेल्समधल्या कार्डिफचे निवृत्त शाळामास्तर, जेवणाआधी उभे राहिले आणि त्यांनी चक्क मराठीत भाषण केलं. मोजून पाच वाक्यं. "तुमची मुलगी आता आमची मुलगी," हे पाचवं. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनी डोळे पुसले. नंदामावशी तर जिलबी खाली ठेवून रडल्या, आणि जिलबी खाली ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गिरीशरावांनी उत्तरादाखल इंग्रजीत आभार मानले. टाळ्या पडल्या, पण रीतीपुरत्या.

"चारचौघांत मला खाली बघायला लावलं त्यांनी," घरी आल्यावर ते म्हणाले.

"अहो, प्रेमाने बोलले हो ते," अलकाताई म्हणाल्या.

"तेच तर!"

भरीस भर, हे व्याही अडुसष्टाव्या वर्षी लांब पल्ल्याच्या शर्यती धावत. मग मागे राहून कसं चालेल? गिरीशरावांनी फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं, की पुढच्या ऑक्टोबरात ते कार्डिफची अर्धी मॅरेथॉन धावणार आणि त्या संध्याकाळी व्याह्यांच्या घरी त्यांच्या वेल्श भाषेत भाषण करणार. आयुष्यभर ते भूलतज्ज्ञ होते. समोरच्याने बोलू नये आणि हलूही नये, हा त्यांचा व्यवसाय. आता स्वतःला दोन्ही करायचं होतं.

"बाबा, सिरियसली?" उर्वीने फोन केला. "रनिंग आणि वेल्श? एक काहीतरी पिक करा ना!"

"दोन्ही," गिरीशराव म्हणाले. ठरवण्यात ते पहिल्यापासून हुशार होते.

वेल्शसाठी फोनवर ॲप घेतलं. रोज एक धडा. एक दिवस चुकला, की आधीच्या दिवसांची साखळी तुटते आणि मोजणी पुन्हा एकपासून. आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी लक्षात आलं, की पळून आल्यावर धडा नको वाटतो आणि धडा केल्यावर पळणं नको वाटतं. गिरीशरावांनी बुटाची नाडी बांधता बांधता फोन अलकाताईंच्या हातात दिला.

"पोहे भिजेपर्यंत तेवढा धडा करून टाक. साखळी तुटायला नको."

"मी धडा केला तर तुम्हाला वेल्श कसं येणार?"

"वटपौर्णिमेला उपास कोण करतं? आणि आयुष्य कोणाचं वाढतं?"

अलकाताईंनी फोन घेतला. पस्तीस वर्षं त्यांनी हा न्याय स्वतःच पाळला होता.

तेव्हापासून गिरीशराव पार्कात पळत आणि अलकाताई ओट्यापाशी वेल्श शिकत. पोहे भिजून लगदा होईपर्यंत धडे चालू लागले. महिन्याभरात त्या केटलशी वेल्शमध्ये बोलायला लागल्या. साखळी गिरीशरावांच्या नावावर वाढत होती. शंभर दिवस, दोनशे, तीनशे. व्याह्यांची प्रगती बघायला ग्विनही त्याच ॲपवर आले होते. त्यांना हे आकडे दिसत आणि ते रोज अंगठा पाठवत. गिरीशराव तो अंगठा नम्रपणे स्वीकारत.

शर्यतीच्या आठवड्यात उर्वीचा फोन आला. "बाबा, ग्विन सो इम्प्रेस्ड आहेत! ते तुमच्याबरोबर धावणार. तेरा मैल, आणि बोलायचं ओन्ली वेल्शमध्ये!"

"धावताना कोण बोलतं?"

"त्यांचा पेस स्लो असतो ना. गप्पा मारता येतात."

फोन ठेवल्यावर गिरीशरावांनी अलकाताईंना तातडीने समोर बसवलं. तीन दिवस शिकवणी चालली. हाताला एकच वाक्य लागलं: "दू इ वेदि ब्लिनो." म्हणजे, मी दमलोय.

"एवढ्यावर तेरा मैल कसे काढणार?" अलकाताईंनी विचारलं.

"तोंड उघडायची संधीच द्यायची नाही," गिरीशराव म्हणाले. "अशा वेगाने धावायचं, की त्यांना बोलता येणार नाही."

शर्यत सुटली. ग्विन हसून काहीतरी लांबलचक बोलले. गिरीशरावांनी मान डोलावली आणि मागे पोलीस लागल्यासारखे पळत सुटले. दुसऱ्या मैलाला ग्विनने गाठलं. गिरीशरावांनी वेग वाढवला. ग्विनने पुन्हा गाठलं. आठव्या मैलाला तर गिरीशरावांना धाप लागून तोंड उघडावंच लागलं. ते उघडलेलं तोंड बघताच ग्विन दचकले आणि पुढे सुसाट निघाले. माणूस एवढा का घाबरला, हे कळेना. पण थांबायचीही सोय नव्हती.

ठरवलेल्या वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी दोघे पोहोचले आणि फूटपाथवर कोसळले. आता सुटका नव्हती. गिरीशरावांनी सगळी पुंजी बाहेर काढली. "दू इ वेदि ब्लिनो."

ग्विन डोळे मिटून मराठीत म्हणाले, "मी पण."

मग श्वास परतल्यावर त्यांनी इंग्रजीत कबुली दिली. ती पाच वाक्यं उर्वीने चार महिने घोकून घेतली होती. त्यापुढे काहीच येत नव्हतं. "तुम्ही मराठीत गप्पा सुरू कराल, म्हणून मी वेल्शची अट घातली. आठव्या मैलाला वाटलं, आता सुरू करताहेत."

गिरीशरावही कबूल करणार होते, पण तेवढ्यात अलकाताई थर्मास घेऊन आल्या आणि ग्विनशी वेल्शमध्ये बोलू लागल्या. हवा, गुडघे, चहात साखर किती. ग्विनने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग गिरीशरावांकडे.

"ती साखळी कोणाची?"

"आमची," गिरीशराव म्हणाले आणि त्यांनी वटपौर्णिमा समजावून सांगितली. ग्विनना ती लगेच पटली. त्यांनी घरी गेल्यावर बायकोला सांगितली, तिला पटली नाही.

संध्याकाळचं भाषण अलकाताईंनी केलं. ग्विनच्या बहिणींनी डोळे पुसले. गिरीशराव एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना बसता येत नव्हतं.

पुढे दर रविवारी दोन्ही व्याही आपापल्या गावी एकाच वेळी धावायचे. शेवटी फोनवर एक म्हणायचा, "दू इ वेदि ब्लिनो," दुसरा म्हणायचा, "मी पण." गप्पा संपल्या.

आता रोजचा धडा गिरीशराव स्वतः करतात. साखळी नव्याने, एकपासून सुरू केली आहे; पहिला दिवस बारा फेब्रुवारी. पोहे अलकाताईच करतात. ग्विन २०२५ सालच्या अकरा फेब्रुवारीला, मंगळवारी पहाटे, झोपेत वारले.